मूल आपलं नाही हे कळल्यावर भरलेली पोटगी परत मिळते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून एकच विषय फिरून फिरून येतो. मी अमळनेरला कौटुंबिक खटले चालवतो. विचारणारा बहुतेक वेळा रात्री नऊनंतर फोन करतो, आधी कपाशीच्या भावाबद्दल बोलतो आणि मग हळूच मुद्द्यावर येतो. ते प्रश्न इथे एकत्र केलेत. कोणाचं नाव-गाव दिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा बदलले, म्हणून जुना आणि नवा असे दोन्ही कलम-क्रमांक दिलेत. कोर्टाच्या आवारात अजून जुनेच आकडे बोलले जातात.

१. "भाऊ, माले मना पैसा परत भेटतीन का?"

अहिराणीत विचारलेला हा प्रश्न मी जसाच्या तसा ठेवलाय, कारण बाकी सगळे प्रश्न याच्याच पोटातले आहेत. उत्तर: कोर्टाच्या आदेशाने भरलेली पोटगी परत मिळत नाही, असंच धरून चाला.

आधार आपल्याच राज्यातल्या खटल्याचा आहे. विदर्भातलं जोडपं, लग्न १९९०चं. आपण १९९१ पासून वेगळे राहतो, मुलगी आपली नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. खालच्या कोर्टाने बायकोला महिना ९०० आणि मुलीला ५०० रुपये लावलेले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, डीएनए चाचणी झाली. नागपूरच्या प्रयोगशाळेने हा बाप नाही असं सांगितलं. बायकोने हरकत घेतली म्हणून हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पुन्हा चाचणी झाली, तिथेही तेच उत्तर. ६ जानेवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टाने मुलीच्या पोटगीचा आदेश रद्द केला आणि त्याच निकालात लिहिलं की आधी दिलेली रक्कम वसूल करायची नाही.

माणूस पूर्ण जिंकला, तरी मागचे पैसे गेलेच. पक्षकारांना हे पचत नाही. पण यामागचा विचार असा, की ते पैसे दूध, वह्या आणि औषधांत खर्च झाले. आता परत मागायचे ते त्या मुलीकडूनच, आणि तिने कोणाला फसवलेलं नाही. "डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) फिरली की दिलेलं परत" हे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ घेऊन काही जण येतात. जमिनीच्या दाव्यात ते चालतं. मुलाच्या जेवणाच्या पैशांत त्याच्या जिवावर बसू नका.

२. खावटी, पोटगी, निर्वाहभत्ता: हे एकच का?

बोलण्यात एकच. कागदावर मात्र आदेश कोणत्या कायद्याखाली झालाय ते बघावं लागतं, कारण बदलायचा अर्ज त्यावरून ठरतो. गावाकडे ज्याला "खावटीची केस" म्हणतात ती बहुधा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ची, म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ची. ती सर्व धर्मांना लागू आहे, आणि मूल औरस (लग्नातलं) असो वा अनौरस, त्याला हक्क देते. त्याखेरीज हिंदू विवाह कायद्याची कलमं २४ ते २६, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चं कलम २०, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची आर्थिक मदत. या शेवटच्या कायद्यात "मूल" या शब्दात सावत्र आणि सांभाळायला घेतलेलं मूलही येतं. तेव्हा तिथे नुसतं "माझं रक्त नाही" म्हणून भागेलच असं नाही.

३. रिपोर्ट हातात आहे. पुढच्या महिन्यापासून पैसे बंद केले तर?

करू नका. या पानावरची दुसरी कुठलीही गोष्ट विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

आदेश कोर्टाचा आहे, तो कोर्टच बदलणार. तोवर दर महिन्याची रक्कम चढत जाते. समोरून वसुलीचा अर्ज येतो, वॉरंट निघतं आणि थकबाकीपोटी तुरुंगवास होऊ शकतो. "एक महिना आत बसून येतो, हिशेब मिटला" असं म्हणणारे भेटतात. मिटत नाही. आत बसल्याने बाकी फिटत नाही, महिना संपल्यावर ती तशीच उभी असते. भुसावळच्या रेल्वेतल्या किंवा शाळेतल्या नोकरदाराचा तर पगारच आडवला जातो. तक्रारीला एकच छोटी मर्यादा आहे: थकलेल्या रकमेच्या वसुलीचं वॉरंट हवं असेल तर ती देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो.

पैसे भरत राहा. भरताना कोर्टात लेखी नोंदवा की ही रक्कम हक्क राखून, हरकतीसह भरतोय. त्यामुळे पैसे परत येतील असं नाही, पण "इतकी वर्षं बिनतक्रार दिलेत, म्हणजे मान्य होतं" या युक्तिवादाला उत्तर राहतं.

४. मग पुढची पोटगी थांबवायचा रस्ता कोणता?

दोन दारं आहेत. पहिलं सरळ: ज्या कोर्टाने आदेश दिला तिथेच जुन्या १२७, म्हणजे नव्या कलम १४६ खाली बदलाचा अर्ज. दुसरं लांबचं पण भक्कम: "हे मूल माझं औरस अपत्य नाही" असं जाहीर करून घेण्याचा दावा. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे तो त्याच न्यायालयात, कारण १९८४ च्या कायद्याने औरसतेचा प्रश्न त्यांच्याकडे दिलाय. नसेल तिथे दिवाणी न्यायालयात.

लांबचं दार भक्कम का? कलम १४६ च्या दुसऱ्या पोटकलमात असं आहे की सक्षम दिवाणी न्यायालयाच्या निर्णयामुळे पोटगीचा आदेश रद्द करणं किंवा बदलणं योग्य दिसलं, तर दंडाधिकाऱ्याने तो तसा करायचाच. पहिल्या पोटकलमात "बदलू शकतो" आहे, दुसऱ्यात "बदलेल". या एका क्रियापदासाठी मी अनेकांना दावा दाखल करायला लावतो. मधल्या काळासाठी थकबाकीच्या वसुलीला स्थगिती मागता येते. कोर्ट बहुधा काही रक्कम जमा करायला सांगतं.

अर्ज करायच्या आधीच्या महिन्यांचं माफ होईल असं धरू नका. म्हणून उशीर हाच खरा खर्च. पांझरा नदीच्या फडावर (पाळीपाळीने पाणी घ्यायची पद्धत) पाणी वापरणाऱ्याला वेगळं सांगायला नको: आपल्या पाळीचं पाणी पुढे निघून गेलं की मागे बोलावता येत नाही, दार वेळेवर टाकावं लागतं.

५. लग्नातलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा का धरतो? विज्ञान एवढं पुढे गेलंय की.

१८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२ आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ११६ झालंय, पण मजकूर जवळपास तोच. वैध लग्न चालू असताना, किंवा लग्न संपल्यावर २८० दिवसांत (आईने दुसरं लग्न केलेलं नसताना) मूल जन्मलं, तर ते त्या नवऱ्याचं औरस मूल असल्याचा तो निर्णायक पुरावा. सुटका एकाच गोष्टीने: गर्भ राहण्याच्या काळात नवरा-बायकोचा एकमेकांशी संपर्क होणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करणं.

कायदा केला तेव्हा डीएनए नव्हतं, हे खरं. पण नव्या कायद्यातही संसदेने ते कलम ठेवलं, हेही तितकंच खरं. हेतू मुलाला "बिनबापाचं" ठरू न देण्याचा आहे. यातून एक विचित्र कोडं तयार होतं. २००१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की नवरा-बायको एकत्र राहत होते असं दिसत असेल, तर डीएनएचा निकाल विरुद्ध गेला तरी हे गृहीतक हलत नाही. २०१४ मध्ये (प्रश्न १ मधला खटला) म्हणालं की खरा, दोन्ही बाजूंनी न नाकारलेला चाचणी-अहवाल समोर असेल, तर गृहीतकापेक्षा विज्ञान वरचढ. २०२५ च्या जानेवारीत केरळच्या एका खटल्यात पुन्हा सांगितलं की औरसता ठरली की पितृत्व त्याच्या मागोमाग येतं, वेगळं शोधायचं नाही.

तीनही निकाल जिवंत आहेत. तुमचा खटला कोणत्या रांगेत बसतो, हे एका गोष्टीवर ठरतं: तुम्ही दोघं त्या काळात एका छताखाली होता की नाही.

६. मी सुरतला मिलमध्ये होतो, ती गावी. "संपर्क नव्हता" हे दाखवायला एवढं पुरे का?

एवढ्यावर नाही. आपल्याकडचे हजारो लोक सुरतला असतात आणि पोळ्याला, दिवाळीला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी येतात. समोरचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारतो: "आखाजीला गावी आला होता ना?" तुम्ही "हो" म्हटलं आणि तारखा जुळल्या, तर खटला तिथेच बसतो. कायद्याला प्रत्यक्ष संबंध आला का हे विचारायचं नाही. भेटण्याची संधी होती का, एवढंच बघायचंय.

म्हणून आधी तारीख काढा. गर्भारपणातली पहिली सोनोग्राफी सगळ्यात उपयोगाची, तिच्यावर किती आठवडे झाले ते छापलेलं असतं. त्यावरून गर्भ राहिल्याचा अंदाजे पंधरवडा निघतो. मग त्या पंधरवड्यापुरते तुमचे कागद: कारखान्याची हजेरी, रेल्वेत असाल तर ड्यूटी रोस्टर, लष्करात असाल तर रजेची नोंद, आखाती देशात असाल तर पासपोर्टवरचे शिक्के. माझ्याकडे एकदा एका ड्रायव्हरने टोलच्या पावत्यांचा गठ्ठा आणला होता, रबर बँड लावून, महिन्यावार. पावत्यांची शाई उडाली होती, अर्ध्या कोऱ्याच दिसत होत्या. मालकाच्या लॉगबुकावर शेवटी काम भागलं. थर्मल कागदाची कुठलीही पावती असेल तर आजच फोटोकॉपी करून ठेवा.

७. मी अर्ज केला की कोर्ट डीएनएचा आदेश देणारच ना?

नाही. १९९३ पासून सुप्रीम कोर्टाचं धोरण एकच: अशा चाचण्या सरसकट द्यायच्या नाहीत. संपर्क नसल्याचं प्रथमदर्शनी दाखवा, मग बघू. २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या एका घटस्फोटाच्या खटल्यात तर कोर्ट म्हणालं की मुलाची जनुकीय माहिती ही त्याची खासगी गोष्ट आहे. बापाला बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचाय म्हणून मुलाला चाचणीच्या टेबलावर बसवायचं नाही. त्या नवऱ्याकडे खासगी रिपोर्ट होता, तरीही.

म्हणजे चाचणी मिळवायला जो पुरावा लागतो, तो असेल तर चाचणीची गरज निम्मी संपलेली असते. मला हे न्याय्य वाटतं का? दर वेळी नाही. पण "मला संशय आहे" एवढ्या शब्दावर दर तालुक्यात मुलांच्या बोटातून रक्त काढायला सुरुवात झाली तर काय होईल, तेही मी याच कोर्टाच्या व्हरांड्यात बघितलंय.

८. मुलाचा टूथब्रश खासगी लॅबला पाठवून तपासलं. शून्य टक्के आलंय. हा पुरावा नाही का?

शेवटचा पुरावा नाही. ब्रश कोणाचा होता, कोणी पाकिटात घातला, वाटेत कोणी उघडला, याला साक्षीदार नसतो. कोर्टाच्या आदेशाने होते ती चाचणी वेगळी: तिघं हजर, ओळख पटवून फोटो, सह्या, सीलबंद नळी आणि सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. तुमच्या रिपोर्टाचा उपयोग एवढाच की कोर्टाला "माझा संशय हवेतला नाही" असं सांगता येतं. ते एकटं पुरत नाही, हे प्रश्न ७ मध्ये आलंय.

तांत्रिक एक गोष्ट. डीएनएच्या एखाद्याच ठिकाणी जुळत नाही म्हणून बाप नाही असं ठरत नाही, ते नैसर्गिक बदलामुळेही होतं. अनेक ठिकाणी जुळत नसेल तरच प्रयोगशाळा नकार देते. रिपोर्टमधला तक्ता वाचा, शेवटची ओळ नुसती वाचू नका.

९. बायको चाचणीला तयारच नाही. मग मीच जिंकलो ना?

जबरदस्तीने रक्त काढत नाहीत. व्यभिचाराच्या घटस्फोटात, कोर्टाने सांगूनही नकार दिला तर त्याचा प्रतिकूल अर्थ काढता येतो, असं २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. पण २०२३ च्या निकालाने त्याला कुंपण घातलं: आईने मुलाची चाचणी होऊ दिली नाही, यावरून मुलाच्या पितृत्वाविरुद्ध तर्क काढायचा नाही. थोडक्यात, नकाराने तुमचा घटस्फोट सोपा होईल, मुलाची पोटगी बंद होईलच असं नाही.

१०. मला नोटीसच मिळाली नाही, आदेश एकतर्फी झाला.

मग लगेच हला. एकतर्फी पोटगीचा आदेश रद्द करून घ्यायचा अर्ज आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांत करायचा असतो, आणि सबळ कारण दाखवायचं असतं. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, घराला चिकटवली, भाऊबंदांनी घेतली पण सांगितली नाही, अशी कारणं आपल्याकडे रोजची. मुदत गेली असेल तर वरच्या कोर्टात फेरतपासणी अर्ज. खान्देशातली प्रकरणं उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जातात, मुंबईला नाही.

११. कोर्टाचा आदेश नव्हता. मीच फी भरली, आणि स्टॅम्पपेपरवर चार लाख एकरकमी दिले. ते तरी?

इथे थोडी जागा आहे, म्हणून दोन भाग करा.

फी, कपडे, दवाखाना असं वर्षानुवर्षं घरात राहून केलेलं विसरा. तो संसार होता, कर्ज नव्हतं.

स्टॅम्पपेपरवरची रक्कम वेगळी. करार करताना समोरच्याला मूल तुमचं नाही हे माहीत होतं, तिने ते लपवलं, आणि त्या विश्वासावर तुम्ही सही केली, हे सिद्ध झालं तर करार कायद्याप्रमाणे तो फसवणुकीने केलेला करार ठरतो आणि तुम्हाला तो मोडता येतो. चुकीने दिलेले पैसे परत मागायचं कलम ७२ ही आहे. मुदत तीन वर्षं. फसवणूक असेल तर ती कळल्यापासून मोजायची, दिल्यापासून नाही. अडचण "तिला माहीत होतं" या तीन शब्दांत आहे. बाईला स्वतःलाही खात्री नसते, असं अनेकदा असतं, आणि शंका म्हणजे फसवणूक नव्हे. कोर्टात संमतीने हुकूमनामा झाला असेल तर तोच फसवणुकीच्या मुद्द्यावर आव्हानित करावा लागतो. नुसता पैशांचा दावा चालत नाही.

१२. मग खऱ्या बापाकडून वसूल करतो.

कायद्याच्या पुस्तकात मांडणी होऊ शकते. दुसऱ्यावर कायद्याने असलेलं देणं मी नाइलाजाने भरलं, मला भरपाई द्या, असं करार कायद्याच्या कलम ६९ वरून म्हणता येतं. पण त्याच्यावर ते देणं आहे हे आधी ठरायला हवं, आणि प्रश्न ५ मधलं गृहीतक तुमच्या नावावर उभं असेपर्यंत तो कायद्याने बापच नाही. २०२५ च्या निकालाने ही भिंत आणखी उंच केलीय. औरसतेचा निकाल तुमच्या बाजूने लागला, तर मात्र पुढच्या पोटगीसाठी त्या माणसाविरुद्ध अर्ज करायचा हक्क मुलाचा आणि आईचा. तुमचा नाही. या दाव्यावर पक्षकाराने पैसे घालावेत असं मी सांगत नाही.

१३. तिच्यावर फसवणुकीची पोलीस केस करू का? आणि त्याच्यावर व्यभिचाराची?

व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही, २७ सप्टेंबर २०१८ ला ते कलम रद्द झालं. घटस्फोटाचं कारण म्हणून तो अजून आहे. फसवणुकीचा गुन्हा (जुना ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८) लावायला सुरुवातीपासून फसवायचा हेतू दाखवावा लागतो. पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा "कौटुंबिक वाद आहे, कोर्टात जा" म्हणून परत पाठवतात. यात मी पोलिसांना दोष देत नाही.

१४. लग्नाच्या दिवशीच ती दुसऱ्याकडून गरोदर होती. यालाही हेच लागू?

याला वेगळं, आणि तुलनेने चांगलं कलम आहे. हिंदू विवाह कायद्याचं १२ (१) (घ): लग्नाच्या वेळी पत्नी दुसऱ्यापासून गरोदर असेल तर लग्नच रद्दबातल करून घेता येतं. अटी तीन. लग्नाच्या वेळी तुम्हाला माहीत नसावं, लग्नापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा, आणि कळल्यानंतर तुमच्या संमतीने संबंध आलेले नसावेत. एक वर्ष ही मुदत कळल्यापासून नाही, लग्नापासून मोजतात. सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढीचं बाळ झालं आणि घरच्यांनी "जाऊ दे" म्हणत वर्ष घालवलं, अशी प्रकरणं माझ्याकडे तेराव्या महिन्यात येतात.

१५. आमची पंचांसमोर फारकत झाली होती, मूल त्यानंतरचं आहे.

हिंदूंमध्ये स्टॅम्पपेपरवरच्या सोडचिठ्ठीने लग्न मोडत नाही. लग्न कागदावर चालू, म्हणजे मूलही तुमचंच धरलं जातं. अपवाद: तुमच्या समाजात फारकतीची जुनी, सलग चालत आलेली रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण साक्षीदार आणून सिद्ध तुम्हालाच करावी लागते. त्या फारकतीचा कागद तरीही टाकू नका. त्या तारखेपासून वेगळे राहत होतो, याला तो उपयोगी पडतो (प्रश्न ६). आणि पंचांनी बाईला वाळीत टाकायचं ठरवलं असेल तर त्यात नाव येऊ देऊ नका. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, त्यात शिक्षा होते.

१६. आम्ही पावरा / भिल्ल / तडवी / मुसलमान. आम्हाला हे लागू होतं का?

पोटगीचं कलम १४४ आणि पितृत्वाचं कलम ११६ सगळ्यांना लागू. हिंदू विवाह कायदा मात्र अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही. म्हणून अक्राणी-धडगावकडच्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबात लग्न आणि फारकत रूढीवर ठरतात, आणि प्रश्न १४ मधलं कलम तिथे चालत नाही. यावल-रावेरकडचे तडवी आणि इतर मुस्लिम यांनाही ते नाही. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसंच कोणत्याही जातीधर्माच्या बाईला आणि मुलाला तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्न न बघता.

१७. मुलाची पोटगी थांबली तर बायकोची आपोआप थांबते का?

नाही. प्रश्न १ मधल्या २०१४ च्या खटल्यातही रद्द झाली ती मुलीची. बायकोची थांबवायला ती "व्यभिचारात राहते" हे दाखवावं लागतं, एखादी जुनी घटना पुरत नाही.

१८. मी आई आहे. तो म्हणतो सगळे पैसे व्याजासकट परत घेईन. द्यावे लागतील का?

ताई, कोर्टाच्या आदेशाने मिळालेले असतील तर प्रश्न १ चं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. स्टॅम्पपेपरवरची मोठी रक्कम असेल तर प्रश्न ११ नीट वाचा. फोनवर काही कबूल करू नका, कोऱ्या कागदावर सही तर नकोच. आणि तो रिपोर्ट गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत असेल तर स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. हे खटले बंद दरवाज्याआड चालवायची सोय कायद्यात आहे, ती मागा.

१९. दोन मुलं आहेत, एक माझं, एक नाही.

आदेशात प्रत्येक मुलाची रक्कम वेगळी लिहिलेली असेल तर एकापुरताच बदल मागा. "दोघांना मिळून" असा मोघम आदेश असेल तर आधी तो वेगळा करून घ्यावा लागतो. पहिल्या मुलाची भेट या भांडणात बंद पडू देऊ नका. ती वेगळ्या अर्जाने मागायची असते.

२०. डीएनए जुळत नाही, पण पोटगी तरीही द्यावीच लागेल, असं कधी होतं?

दात्याच्या बीजाने, दोघांच्या संमतीने उपचार झाले असतील तेव्हा. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे ते मूल त्या जोडप्याचंच. दत्तक असेल तेव्हाही: वैध दत्तक नंतर मोडता येत नाही.

२१. अमेरिकेत म्हणे सगळे पैसे परत मिळतात?

पुण्या-मुंबईतला भाचा असं सांगतो. तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, आणि १९८६ च्या एका केंद्रीय दुरुस्तीमुळे चढलेली थकबाकी मागच्या तारखेपासून कमी करायला सहसा मनाई आहे. ऑस्ट्रेलियात एका माणसाला खालच्या कोर्टाने ७०,००० डॉलर दिले होते, २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने ते नाकारलेच.

२२. जन्मदाखल्यावरून आणि सातबाऱ्यावरून नाव निघेल का?

ग्रामपंचायत किंवा नगरपालिका अर्जावर बापाचं नाव काढत नाही, कोर्टाचा निकाल लागतो. तो निकाल येईपर्यंत मूल तुमचं वारस आहे. स्वकष्टाच्या मिळकतीचं मृत्युपत्र करता येतं, वडिलोपार्जित जमिनीत औरसतेच्या निकालाशिवाय काही होत नाही. तलाठ्याला भेटून उपयोग नाही, तरी लोक आधी तिकडेच जातात.

२३. पहिल्या भेटीला काय आणू?

पोटगीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल, फोटो नको. लग्नाचा आणि मुलाच्या जन्माचा दाखला. सोनोग्राफीचा कागद असेल तर. तुम्ही कुठे कामाला होता त्याचे पुरावे, प्रश्न ६ प्रमाणे. आतापर्यंत भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती किंवा बँकेचा उतारा, तारखेच्या क्रमाने. रोख दिले असतील तर कोणासमोर दिले ते लिहून आणा. आणि एकटे या. गेल्या हंगामात एक जण केळीच्या ट्रॅक्टरमधून सात भाऊबंद घेऊन आला होता. तासभर सगळे बोलले, तो एकटाच गप्प बसला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा एकटा आला, तेव्हा कळलं की त्या पंधरवड्यात तो गावीच होता.